चिडलेल्या मुलींची गाणी : पॅरामोरचा ‘रायट!’

(आपल्या मंचाच्या न्यू जर्सीतील बैठकीत केलेल्या भाषणाचे हे लेखी रूप आहे. बोलण्याच्या ओघात सुटलेले दोन-तीन तपशील लिहिताना भरले आहेत.)



आपल्या बैठकांना एरवी अंधश्रद्धा निर्मूलन, आरक्षण, शेतीचे अर्थकारण, इथली आरोग्यविम्याची भानगड असे विषय असतात. आज एका रॉक बँडच्या अल्बमवर बोलणे आहे हे ईमेलमध्ये वाचून दोघा-तिघांनी मला फोन केला. एका ज्येष्ठ मित्रांनी तर सरळच विचारले, “ताई, हा आपल्या मंचाचा विषय आहे का?”

माझ्या मते आहे. आपल्यापैकी बहुतेकांची मुले इथे जन्मली, इथे वाढली. ती आपल्याशी शाळेबद्दल बोलतात, एसएटीबद्दल बोलतात, उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपबद्दल बोलतात. राग, मत्सर, एकटेपणा यांबद्दल मात्र फारशी बोलत नाहीत. ते सगळे खोलीचे दार लावून, कानात हेडफोन घालून चालते. स्त्री-पुरुष समतेवर आपण या खोलीत वर्षानुवर्षे बोलतो आहोत. तेव्हा आपल्या मुली बंद दाराआड काय ऐकतात आणि त्यातून त्यांना काय मिळते, याकडे एकदा अभ्यास म्हणून पाहायला हरकत नसावी.

संगीत हा काही माझा विषय नाही. मी पेशींवर काम करणारी संशोधक आहे. २००७ साली माझ्या पीएच.डी.चे चौथे वर्ष चालू होते आणि प्रयोगशाळेत उन्हाळ्यापुरत्या काम करायला दोन अंडरग्रॅड मुली आल्या होत्या. पिपेटिंगचे काम कंटाळवाणे, तासन्‌तास चालणारे. त्या दोघी एकच सीडी दिवसातून तीन-तीनदा लावायच्या. त्या उन्हाळ्यात ती सीडी मला पाठ झाली. ती होती पॅरामोर या बँडची ‘रायट!’.

आधी थोडी माहिती. १२ जून २००७ रोजी हा अल्बम निघाला. अकरा गाणी, सगळी मिळून चाळीस मिनिटेसुद्धा नाहीत. बँड टेनेसीतल्या फ्रँकलिनचा, पण ध्वनिमुद्रण आपल्या शेजारीच झाले आहे : बर्गन काउंटीतल्या एल्मवुड पार्कमधल्या ‘हाउस ऑफ लाउड’ या स्टुडिओत, डेव्हिड बेंडेथ या निर्मात्याच्या हाताखाली. गायिका हेली विल्यम्स तेव्हा नुकती अठरा वर्षांची झाली होती. ड्रम वाजवणारा झॅक फॅरो सोळा वर्षांचा, त्याचा गिटार वाजवणारा भाऊ जॉश एकोणीस वर्षांचा. गाणी मुख्यतः हेली आणि जॉश यांनी लिहिलेली. म्हणजे आपल्याकडे बारावीची किंवा एफवायची मुले असतात, त्या वयाची ही मंडळी.

हेलीचा जन्म मिसिसिपीतल्या मेरिडियनचा. कुमारवयात आईबरोबर ती फ्रँकलिनला आली आणि तिथे घरीच शिकणाऱ्या मुलांच्या एका वर्गात तिची फॅरो बंधूंशी ओळख झाली. २००३ मध्ये, चौदाव्या वर्षी, अटलांटिक रेकॉर्ड्स या मोठ्या कंपनीने तिच्याशी करार केला. कंपनीला हवी होती एकटी पॉप गायिका. हिचा हट्ट असा की मी माझ्या बँडबरोबरच गाणार. शेवटी तोड निघाली : करार तिच्या एकटीचाच राहिला, पण रेकॉर्ड्‌स निघाल्या बँडच्या नावाने आणि फ्युएल्ड बाय रामेन या छोट्या लेबलखाली. या तोडीची किंमत पुढे द्यावी लागली. डिसेंबर २०१० मध्ये दोघे फॅरो बंधू बाहेर पडले. जॉशने जाहीर पत्र लिहिले, त्यात धर्मश्रद्धेवरून झालेले मतभेद होते आणि हा बँड म्हणजे कंपनीने घडवलेला माल आहे अशी तक्रारही होती.

‘रायट!’ अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत पंधराव्या क्रमांकापर्यंत गेला आणि २००८ मध्ये प्लॅटिनम झाला. २००८ च्या ग्रॅमी समारंभात नव्या कलाकारांच्या गटात त्यांना नामांकन होते, ते बक्षीस एमी वाइनहाउसला मिळाले. म्हणजे यश चांगलेच होते, पण त्या वर्षीचे सर्वांत मोठे यश नव्हे. आश्चर्य आहे ते टिकण्याचे. ऐकणाऱ्या मुली आज तिशीच्या पुढे गेल्या, डॉक्टर झाल्या, वकील झाल्या, तरी ही गाणी त्यांना तोंडपाठ आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये लास व्हेगासला ‘व्हेन वी वेअर यंग’ नावाचा संगीत महोत्सव झाला. त्यात माय केमिकल रोमान्सबरोबर पॅरामोर हेच मुख्य आकर्षण होते.

हे सगळे ‘इमो’ नावाच्या प्रकारात मोडते. १९८० च्या दशकाच्या मध्याला वॉशिंग्टन डीसीच्या हार्डकोअर पंकमध्ये राइट्स ऑफ स्प्रिंगसारखे बँड निघाले. त्यांनी राजकीय घोषणांऐवजी स्वतःच्या मनातले ओरडून सांगायला सुरुवात केली, तिथून हा शब्द आला असे सांगतात. पुढची वीस वर्षे हा प्रकार उपनगरांत वाढला. आपल्या न्यू जर्सीचा त्यात मोठा वाटा आहे. न्यू ब्रन्सविकच्या तळघरांत होणाऱ्या कार्यक्रमांतून थर्सडे हा बँड पुढे आला आणि त्याच्या गायकाने माय केमिकल रोमान्सचा २००२ मधला पहिला अल्बम करून दिला. एडिसन-इझलिनमध्ये आपण इडली आणि मिसळ खायला जातो, तिथून ही तळघरे दहा-पंधरा मिनिटांवर.

पण या प्रकारात एक खोट होती. गाणारे बहुतेक सगळे मुलगे. ते गायचे मुलींबद्दल : ती सोडून गेली, तिने फसवले, तिच्यामुळे मी उद्ध्वस्त झालो. २००३ मध्ये जेसिका हॉपर या समीक्षिकेने ‘पंक प्लॅनेट’ नियतकालिकात यावर एक गाजलेला लेख लिहिला. तिचा मुद्दा थोडक्यात असा, की या गाण्यांतल्या मुलींना नाव नाही, स्वतःचे आयुष्य नाही, त्या फक्त मुलांच्या दुःखाचे कारण आहेत. आणि तरी समोर उभ्या राहून ऐकणाऱ्यांत मुली भरपूर आहेत. या मुलींनी स्वतःला कुठे शोधायचे?

२००५ साली वॉर्प्ड टूर या फिरत्या महोत्सवात पॅरामोरला जागा मिळाली ती स्त्री-गायिकांच्या बँडसाठी ठेवलेल्या शिरागर्ल नावाच्या लहान रंगमंचावर. दोन वर्षांनी ‘रायट!’ आला. आता माइकसमोर एक मुलगी होती आणि चिडणारी तीच होती.

याचे आकर्षण कशात आहे? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली म्हणजे वय. ही गाणी सतरा-अठराव्या वर्षाची आठवण काढून लिहिलेली नाहीत, त्याच वयात लिहिलेली आहेत. मुखपृष्ठावर ‘रायट!’ हा शब्द पुन्हा पुन्हा खरडलेला आहे, तास चालू असताना वहीच्या मागच्या पानावर मुले खरडतात तसा. भावना आवरत नाहीत आणि एकदम बाहेर पडतात, असा अर्थ त्या नावामागे असल्याचे हेलीने सांगितले होते. मोठी माणसे या वयाबद्दल लिहितात तेव्हा थोडे हसतात, थोडे हळहळतात. इथे तसे कोणी नाही.

दुसरी म्हणजे आवाज आणि बांधणी. हेलीचा आवाज ताकदीचा आहे आणि ती किंचाळत नाही, सुरात गाते. गाणी तीन-साडेतीन मिनिटांची, ध्रुवपदाला पोचण्याची घाई असलेली. ध्रुवपद असे की एकदा ऐकले तर दुसऱ्यांदा म्हणता यावे. ‘बॉर्न फॉर धिस’ या शेवटच्या गाण्यात तर घोळक्याने ओरडायच्या जागा मुद्दाम ठेवल्या आहेत. राग आहे, पण तो एकटीने कुढण्याचा नाही, सगळ्यांनी मिळून म्हणण्याचा आहे.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. नवरात्रात आपली मराठी मंडळे शाळेच्या जिममध्ये भोंडला करतात, मधोमध पाटावर हत्ती ठेवून. त्या गाण्यांत काय असते? सासरची गाऱ्हाणी. माहेरी जायला न मिळणे, सासू, नणंद, जाऊ. एकटीने घरात बोलायची सोय नसलेले दुःख फेर धरून, टाळ्या वाजवून, हसत म्हटले जाते, आणि नंतर खिरापत ओळखायची. जात्यावरच्या ओव्यांचेही तेच. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या आता ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. लग्न, बाप, भाऊ, नवरा, सवत, कष्ट, सगळे त्यात आहे. समोरासमोर बोलले असते तर जे उद्धटपणाचे ठरले असते, ते गाण्यात चालून गेले. वहीच्या मागच्या पानावरचा ‘रायट!’ आणि जात्यावरची ओवी यांत फरक खूप आहेत. एक कंपनीने विकलेला माल आहे, दुसरीला बाजारच नव्हता. पण ऐकणारीला मिळणारा दिलासा एकाच जातीचा आहे : हे माझ्या एकटीचेच नाही.

तिसरी गोष्ट माझ्या व्यवसायाच्या जरा जवळची. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला पुढे आयुष्यभर जास्त ठळक राहतात, हे मानसशास्त्राच्या अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्या वयात ऐकलेली गाणीही तशीच राहतात. आपल्यापैकी कितीजणांना जुने ‘आपली आवड’ आठवते, हात वर करा म्हटले तर खोली भरेल. आपल्या मुलांच्या डोक्यात त्या जागी ही गाणी असणार आहेत. आपल्याला आवडोत वा न आवडोत.

आता काळजीचा मुद्दा. फोनवर एका मैत्रिणीने विचारले, “काळे कपडे, डोळ्यांत काजळ, सतत रडगाणी. हे ऐकून मुले निराश होत नाहीत का?” ही भीती तिची एकटीची नाही. २००८ हे वर्ष पाहा. इंग्लंडमध्ये एका तेरा वर्षांच्या मुलीच्या आत्महत्येनंतर ‘डेली मेल’ने इमोला धोकादायक पंथ ठरवणारे लेख छापले. ३१ मे २००८ रोजी माय केमिकल रोमान्सच्या चाहत्या मुलामुलींनी त्या वर्तमानपत्राच्या लंडनमधल्या कचेरीबाहेर निदर्शने केली. त्याच वर्षी मार्चमध्ये मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात जमावाने इमो मुलांना चौकात गाठून मारहाण केली. रशियात शाळांमधून असा पोशाख बंद करण्याचा प्रस्ताव आला. मुलांच्या दुःखाचे कारण सापडत नाही तेव्हा त्यांच्या कपड्यांवर आणि गाण्यांवर बोट ठेवणे सोपे पडते.

आकडे काय म्हणतात? सीडीसी दर दोन वर्षांनी हायस्कूलच्या मुलांची पाहणी करते. सलग दोन आठवडे किंवा जास्त दिवस इतके उदास वा हताश वाटले की नेहमीच्या गोष्टी करणे थांबले, असे सांगणाऱ्या मुलींचे प्रमाण २०११ मध्ये ३६ टक्के होते. २०२१ मध्ये ते ५७ टक्के झाले, २०२३ मध्ये ५३. इमोच्या भरतीची वर्षे साधारण २००५ ते २००८. म्हणजे ही चढण मुख्यतः त्या लाटेनंतरची आहे. एवढ्यावरून गाणी निर्दोष आहेत असे सिद्ध होत नाही, माझ्या विद्यार्थ्याने तसा निष्कर्ष लिहिला तर मी लाल शाईने खोडीन. पण गाणी हे कारण आहे असे म्हणणाऱ्यांनी आधी पुरावा आणावा, एवढे नक्की म्हणता येईल. उदास मूल उदास गाणे शोधते, ही उलटी दिशाही तितकीच शक्य आहे. तसे असेल तर गाणे बंद केल्याने आपण फक्त तापमापक फोडतो, ताप तसाच राहतो. आणि खरोखर काळजी वाटावी अशी लक्षणे दिसली तर गाण्यांची यादी तपासत बसू नका. मुलाशी थेट बोला, डॉक्टरांना गाठा. जुलै २०२२ पासून या देशात ९८८ हा क्रमांक दिवसरात्र चालू आहे, तो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

आता मी ज्यासाठी हा विषय निवडला तिथे येते. ‘रायट!’मधले सर्वांत गाजलेले गाणे ‘मिझरी बिझनेस’. एका मुलावरून दोन मुलींमध्ये झालेली चुरस आणि शेवटी जिंकल्याचा आनंद, असा त्याचा विषय. त्याच्या दुसऱ्या कडव्यात त्या दुसऱ्या मुलीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारी, शिवीच म्हणावी अशी एक ओळ आहे. २००७ मध्ये त्यावर फारसे कोणी बोलले नाही. पुढे इंटरनेटवर टीका सुरू झाली. २०१५ मध्ये हेलीने लिहिले की ते शब्द सतराव्या वर्षीच्या डायरीतले आहेत, आज ते माझे नाहीत. सप्टेंबर २०१८ मध्ये नॅशव्हिलच्या कार्यक्रमात तिने जाहीर केले की आता आम्ही हे गाणे बराच काळ वाजवणार नाही. एप्रिल २०२२ मध्ये कोचेला महोत्सवात बिली आयलिशने तिला रंगमंचावर बोलावले आणि दोघींनी ते गायले. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून पॅरामोरने ते पुन्हा आपल्या कार्यक्रमांत घेतले.

यातून दोन प्रश्न निघतात.

पहिला : हिशेब कोणाकडून मागितला गेला? त्याच काळात, त्याच प्रकारात, हेलीपेक्षा वयाने मोठ्या असलेल्या कित्येक पुरुषांनी मुलींबद्दल याहून हिंसक ओळी लिहिल्या. हॉपरचा लेख त्यांच्यावरच होता. त्यांच्यापैकी फार थोड्यांना इतकी वर्षे खुलासे करावे लागले. सतरा वर्षांच्या मुलीला मात्र सत्ताविसाव्या वर्षीही उत्तर द्यावे लागले. चळवळीत हे आपण पाहिलेले आहे. आपल्या बाजूचा, त्यातून बाई, त्यातून तरुण, म्हणजे जाब विचारायला सोपे गिऱ्हाईक.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो : चिडलेल्या मुलीचा राग दुसऱ्या मुलीवरच का पडतो? भोंडल्याच्या गाण्यांकडे परत पाहा. तिथे राग सासूवर, नणंदेवर, जावेवर निघतो. ज्या व्यवस्थेने या सगळ्याजणींना एका स्वयंपाकघरात कोंडले, तिचे नाव गाण्यात येत नाही. घरचा कर्ता पुरुष बहुधा पडवीत सुखरूप असतो. हाताशी असलेल्या बाईवर राग काढता येतो, कारण त्याची शिक्षा कमी असते. ‘मिझरी बिझनेस’मधला मुलगाही असाच नामानिराळा राहतो. दोघी भांडतात, तो बक्षीस म्हणून उभा आहे.

रागाचा पत्ता बदलणे हे वेगळे काम आहे आणि ते शिकावे लागते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिले. निमित्त होते सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल झालेली फाशीची शिक्षा आणि त्यावरून वर्तमानपत्रांत समस्त स्त्रियांवर चाललेली आगपाखड. ताराबाईंची भाषा सभ्य नाही. ती चिडलेल्या बाईची भाषा आहे. पण तो राग दुसऱ्या बाईवर न पडता थेट दोष असलेल्या ठिकाणी पडतो. तेव्हा त्यांच्यावरही टीका झाली आणि जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. बाईच्या रागाला व्यासपीठावर जागा देण्याची परंपरा आपल्याकडे इतकी जुनी आहे.

हेलीच्या बाबतीतही पत्ता बदललेला दिसतो. २०१७ च्या ‘आफ्टर लाफ्टर’मध्ये ती स्वतःच्या नैराश्याबद्दल गाते, तेही नाचायला लावणाऱ्या चालींवर. आणि तिच्या मागून आलेल्या मुली तर पहिल्यापासूनच नीट नेम धरतात. २०२१ मध्ये ऑलिव्हिया रॉड्रिगो या फिलिपिनो वंशाच्या वडिलांच्या मुलीचे ‘गुड फॉर यू’ गाजले. ‘मिझरी बिझनेस’शी असलेल्या साम्यामुळे ऑगस्ट २०२१ मध्ये हेली आणि जॉश यांची नावे त्याच्या गीतकारांत जोडली गेली. या गाण्यात राग सोडून गेलेल्या मुलावर आहे. त्याच वर्षी मे महिन्यात लॉस एंजलिसच्या सार्वजनिक ग्रंथालयात लिंडा लिंडाज या आशियाई आणि लॅटिनो मुलींच्या बँडने एक गाणे म्हटले. सगळ्यात धाकटी दहा वर्षांची. कोविडच्या सुरुवातीला त्यांच्या ड्रमर मुलीला वर्गातल्या मुलाने ऐकवले होते की चिनी लोकांपासून लांब राहा असे माझ्या वडिलांनी सांगितले आहे. त्यावरचे ते गाणे. वंशभेद आणि लिंगभेद, दोन्हींचे नाव शीर्षकातच. २०२३ मध्ये या मुली पॅरामोरच्या दौऱ्यात त्यांच्या आधी गायल्या.

एक आक्षेप शिल्लक राहतो. तो आपल्या पिढीचा आवडता आक्षेप आहे : “उपनगरात राहणाऱ्या, पोटभर जेवणाऱ्या मुलांचे हे कसले दुःख? आम्ही दोन सूटकेसेस घेऊन आलो, व्हिसाच्या रांगेत उभे राहिलो, आम्ही कधी रडलो?” हे खरे आहे, आणि त्याने काहीच सिद्ध होत नाही. आपल्या कष्टांचे मोल मुलांनी गप्प राहून फेडावे असा करार त्यांनी केलेला नाही. आणि आपण रडलो नाही असेही नाही. आपण रेडिओवर, कॅसेटवर भावगीते ऐकली, गळ्यात आवंढा आणला आणि ‘काय सुंदर चाल आहे’ असे म्हणून वेळ मारून नेली. इमोने ती सबब काढून टाकली, एवढेच.

आपल्या घरांत मुलीच्या अभ्यासाला, नोकरीला, गाडी चालवण्याला आता कोणाची हरकत नसते. तिच्या रागाला मात्र असते. मुलगा चिडला तर ‘वय आहे’, मुलगी चिडली तर ‘हे कुठून शिकलीस?’. समतेची खरी परीक्षा मला तिथे दिसते. उद्धट बोललेल्या वाक्याबद्दल तिला जरूर टोका, पण त्यामागे काय आहे हे ऐकून घेतल्यावर. आणि राग चुकीच्या मुलीवर निघत असेल तर तिला ताराबाईंची गोष्ट सांगा. 

शेवटी चर्चेसाठी तीन प्रश्न ठेवते. एक, तरुणपणी लिहिलेल्या शब्दांबद्दल आपण माणसाला किती वर्षे जबाबदार धरायचे, आणि सगळ्यांना सारखेच धरतो का? दोन, भोंडल्याची गाणी आपण इथे आहेत तशीच म्हणावीत, की मुलींना नवी रचायला सांगावीत? तीन, आपल्या घरी चिडण्याची मुभा कोणाला आहे? तिसऱ्याचे उत्तर इथे देऊ नका. घरी जाऊन मुलांना विचारा आणि पुढच्या बैठकीला त्यांनाच घेऊन या.